खोडलेलं मत

लेंट लागला की मला खोडरबराचा वास येतो.

इतरांना या दिवसांत आंब्याच्या मोहराचा येत असेल. माझं आपलं हे असं. शिरूरला आता शाळूची काढणी चाललीय, दारातला कडुलिंब पानं टाकतोय. अंगण झाडून आत वळते तोवर मागं पुन्हा तेवढीच पानं पडलेली असतात. घोडनदीकडून दुपारचं कोरडं वारं सुटतं आणि रस्त्यानं एखादी वावटळ एकटीच चालत येते, आमच्या फाटकाशी जरा थांबते आणि पुढं जाते. थांबते असं मला वाटतं. ह्यांना विचारलं तर म्हणतात, तुझ्या डोक्यात काहीतरी आहे.

आहे खरं. लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. रविवार त्यात मोजायचे नाहीत. राखेच्या बुधवारी सुरू होतात, उत्तम शुक्रवारच्या दुसऱ्या दिवशी संपतात. या दिवसांत आमच्यात लग्नं होत नाहीत. कुणी मटण सोडतं, कुणी चहा सोडतं, आमच्या सासूबाई भांडण सोडायच्या आणि ईस्टरच्या सकाळी सगळं साठलेलं काढायच्या. मी काय सोडलंय ते मी कुणाला सांगत नाही. मी खोडरबर सोडलाय. अकरा वर्षं झाली, घरात येऊ दिलेला नाही. मुलांना शाळेत लागतो तर शाळेत ठेवा म्हणते.

माझं माहेर दौंडचं, रेल्वे कॉलनीतलं. वडील गार्ड होते. आमच्या ओळीत निम्मी घरं आम्हा ख्रिस्ती लोकांची, नगरकडून आलेली. लेंटमध्ये कॉलनीत एक रीत होती. ती दुसरीकडं मी कुठं पाहिली नाही, एक शिरूर सोडलं तर. रोज संध्याकाळी एका घरी जमायचं, प्रार्थना करायची आणि एका कादंबरीचं एक प्रकरण मोठ्यानं वाचायचं. चाळीस दिवस, चाळीस घरं, चाळीस प्रकरणं. वाचून झालं की त्या घरच्या बाईनं आपलं मत सांगायचं आणि पुस्तकाच्या शेवटी जी कोरी पानं असतात तिथं ते पेन्सिलीनं लिहायचं. खाली नाव नाही, फक्त क्वार्टर नंबर. दुसऱ्या कुणाला काही लिहावंसं वाटलं तर त्यानंही लिहावं, मनाई नव्हती. नाव नसल्यामुळं बायका खरं लिहायच्या. नंबरावरून सगळ्यांना सगळं कळायचंच, पण तेवढा आडपडदा पुरायचा.

कादंबरी कुणाची, यावर वाद नसे. सलोमीबाईंचीच. आमच्या लोकांत त्या काळी सलोमीबाई वाचल्या नाहीत असं घर नव्हतं. दरवर्षी लेंटच्या आधी एक नवं पुस्तक यायचं, पातळ कागदाचं, पाठीमागं बाईंचा फोटो. तो फोटो इतका खराब छापलेला असायचा की चेहऱ्याच्या जागी नुसती सावली आणि त्यात दोन डोळे. बाईंना कुणी पाहिलेलं नव्हतं. कुणी म्हणे त्या नगरला असतात, कुणी म्हणे मिरजेला दवाखान्यात मेट्रन होत्या. क्वार्टर नंबर बाराच्या काकू तर शपथेवर सांगायच्या की बाई कधीच वारल्या, छापखानाच लिहितो. माझी आई पुस्तक पालथं ठेवू द्यायची नाही. म्हणायची, ती बाई स्वयंपाकघरात बघते.

त्यांच्या सगळ्या पुस्तकांत कुणीतरी घर सोडून गेलेलं असायचं आणि शेवटी परत यायचं. नवरा, सून, दारुडा भाऊ. सगळे यायचे, सगळे रडायचे, सगळे गुडघे टेकायचे. निम्म्या बायका या शेवटासाठी जीव टाकायच्या आणि निम्म्या त्याच शेवटावर चिडायच्या. मी चिडणाऱ्यांत. नगरच्या कॉलेजात बी.ए.ला होते, जाऊन येऊन शिकत होते, म्हणजे मला सगळंच कळत होतं. बाई खोटं लिहितात असं मी चारचौघांत म्हणायची. पाळकीणबाई, म्हणजे आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या पत्नी, हसून म्हणायच्या की तरी वाचतेस ना तूच. खरंच होतं ते. आवाज चांगला म्हणून मोठ्यानं वाचायचं काम माझ्याकडंच असायचं.

मला जो लेंट आठवतो तो सत्त्याण्णवचा. त्या वर्षी नवं पुस्तक आलं नाही. बारा नंबरच्या काकूंना आनंदच झाला, बघा, मी म्हणत नव्हते? मग शिरूरच्या मंडळीकडून, म्हणजे तिथल्या चर्चच्या लोकांकडून, एक मागवलं. त्यांनी आदल्या वर्षी वाचलेलं, निळ्या पुठ्ठ्याचं. आम्ही त्याला निळं पुस्तकच म्हणायचो. पाळकीणबाईंनी ते माझ्या हातात दिलं आणि वर एक खोडरबर दिला. मागं शिरूरच्या बायकांची मतं आहेत, ती तेवढी खोडून काढ, म्हणाल्या, नाहीतर आपल्या बायकांना शेवट आधीच कळायचा.

दुपारी तीनची वेळ होती. मी व्हरांड्यात बसले. पलीकडं भीमेकाठच्या मळ्यात उसाचं पाचट पेटवलं होतं आणि त्याची काळी काजळी उडत उडत कॉलनीभर पडत होती. या दिवसांत ती पडतेच. आवाज नाही, काही नाही, वाळत घातलेल्या कपड्यांवर बघता बघता काळे धागे. मी पान उघडलं आणि शिरूरच्या बायका वाचायला लागले. वाचायची आणि खोडायची. “फार रडू आले, असेच लिहीत जा.” खोडलं. “सासू इतकी चांगली दाखवली आहे, बाईंचे लग्न झालेले नसावे.” हसले, खोडलं. “शेवटी सगळेच पश्चात्ताप करतात. आमच्या गल्लीत या.” हे तर आईला वाचून दाखवलं, मग खोडलं. तीन पानं होती. सगळ्यांत खाली, समासाला चिकटून, दोन ओळी होत्या. अक्षर बारीक आणि सगळं डावीकडं कललेलं. पहिली ओळ होती, “शेवट खरा नाही. आईला म्हणावं दिवा लावू नको.” खाली घराचा नंबर नव्हता. दुसरी ओळ मी वाचली. वाचली एवढं नक्की. कारण वाचून मला वाटलं होतं की हे काय भलतंच. मग पानावर काजळीचा एक तुकडा पडला, तो झटकताना काळा फराटा उमटला दुसऱ्या ओळीवर, आणि मी तो जोर लावून खोडला. इतका, की कागद पातळ झाला.

पुस्तकात एक आई रोज संध्याकाळी दारात दिवा लावते आणि घर सोडून गेलेला तिचा मुलगा चाळिसाव्या दिवशी तो दिवा पाहून येतो. शिरूरच्या मतांवरून मला एवढं कळलंच होतं. ती ओळ मला त्या आईबद्दलचीच वाटली. कुणालाही वाटली असती. हे मी मला इतक्यांदा सांगितलंय की आता ऐकू येत नाही.

आमच्या ओळीत सात नंबरला रिबेकामावशी राहायच्या. मावशी म्हणजे नात्यानं नाही, पण माझं अर्धं बालपण त्यांच्या चुलीपाशी गेलं. त्यांचा एकुलता एक मुलगा दानी, दानियल. रांजणगावला कंपन्या नुकत्या उभ्या राहत होत्या, तिथं तो कॉन्ट्रॅक्टवर लागला होता, आठवड्याची सुट्टी मिळाली की घरी यायचा. पंच्याण्णवच्या नाताळला तो चर्चमध्ये पिऊन आला आणि भर उपासनेत कोसळला. त्याचे वडील, आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणायचो, लोको शेडमध्ये होते आणि मंडळीचे खजिनदार. घरी येऊन त्यांनी व्हरांड्यात उभं राहून त्याला जे सांगितलं ते सगळ्या ओळीनं ऐकलं. “आता मी न्यायला येईन तेव्हाच या घरात पाय ठेवायचा.” दानीनं बॅग उचलली आणि स्टँडकडं चालायला लागला.

आप्पा न्यायला गेले नाहीत. आज जाऊ, उद्या जाऊ करत होते असं मावशी सांगायच्या. पुढच्या पावसाळ्यात ड्युटीवरच त्यांच्या छातीत कळ आली आणि ते गेले. मातीला दानीला बोलवायला माणसं रांजणगावला गेली, तर कंपनीत म्हणाले की त्याचं कॉन्ट्रॅक्ट केव्हाच संपलं. चाकणला असेल, भोसरीला असेल. कुणाला पत्ता नव्हता. मावशींना आप्पांच्या जागी वेटिंग रूमची आया म्हणून नोकरी लागली, त्यामुळं क्वार्टर राहिलं. व्हरांड्यातला बल्ब त्यांनी तेव्हापासून विझवला नाही. भर दुपारी, ऊन मी म्हणत असताना, सात नंबरच्या व्हरांड्यात पिवळा बल्ब जळत असायचा. मला तिथून जाताना नको वाटायचं. संध्याकाळचा दिवा कुणाची वाट बघतो ते कळतं. दुपारचा दिवा बघवत नाही.

आणि नेमकं त्या वर्षी ते निळं पुस्तक आलं.

पहिल्या आठवड्यातच बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. पुस्तकातल्या आईचा नवरा मरतो. पुस्तकातली आई स्टेशनात काम करते. बारा नंबरच्या काकू दबक्या आवाजात म्हणाल्या की सलोमीबाई मेलेल्याच आहेत, त्याशिवाय त्यांना कसं कळलं? कुणी हसलं नाही. मतंही बदलली. आधी “छान”, “ठीक”, “बाई चहात साखर किती ते सांगते, प्रभूबद्दल कमी” असली मतं यायची. आता घरोघरी दोन तट पडले. एका घरी लिहिलं, “हे पुस्तक या वर्षी यावे ही प्रभूची योजना.” दुसऱ्या घरी लिहिलं, “वाचन बंद करावे. एका आईच्या जिवाशी खेळ आहे.” पाळकसाहेबांनी “वाचनीय, परंतु शास्त्राला धरून नाही” असं लिहून अंग काढून घेतलं. आणि मावशी रोज सगळ्यांच्या आधी येऊन बसायच्या. डोळे मिटून ऐकायच्या. जाताना मला हळूच विचारायच्या, “एस्तू, किती दिवस राहिले गं?” कॅलेंडर त्यांच्या घरातही होतं. त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं असायचं. चाळिसाव्या दिवशी काहीतरी होणार असं त्यांनी मनात धरलं होतं, आणि पुस्तकाचा शेवट माहीत असणारी त्या खोलीत मी एकटी होते.

एकतिसाव्या दिवशी सात नंबरची पाळी आली. दिवेलागणीची वेळ, वारं पडलेलं आणि काजळी सरळ खाली येत होती. मावशींनी काळा चहा आणि चुरमुरे ठेवले होते. बायका भिंतीला टेकून बसल्या, पण दारासमोरची जागा कुणी घेतली नाही. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, तरी ती मोकळी राहिली. खोलीतली ट्यूब मिणमिणत होती म्हणून मी दाराशी, व्हरांड्यातल्या त्या बल्बच्या उजेडात बसून वाचत होते. प्रकरणात एक हरवलेलं कोकरू दिवा बघून रानातून घरी येतं आणि आईला वाटतं ही खूण आहे. मग तिला दाराशी पावलं ऐकू येतात, पावलं थांबतात. मी “थांबली” हा शब्द वाचला आणि बाहेर फरशीवर चपला वाजल्या आणि थांबल्या.

मावशी उभ्या राहिल्या होत्या. त्या कधी उठल्या ते मला दिसलंच नाही.

दारात सीताबाई होत्या. भांडगावकडच्या धनगराच्या, लेक दौंडला दिलेली म्हणून तिच्याकडं येऊन राहायच्या आणि कॉलनीत दूध घालायच्या. हातात किटली. सगळ्या आपल्याकडं अशा का बघतायत ते त्यांना कळेना. मावशी खाली बसल्या. सीताबाईही मग उंबऱ्यालाच टेकल्या आणि उरलेलं प्रकरण त्यांनी ऐकलं. संपल्यावर सगळ्यांच्या आधी त्याच म्हणाल्या, “ही बाई मेंढरामागं कवा गेलेली न्हाई.”

पाळकीणबाईंनी विचारलं, का हो?

“दिवा बघून कोकरू येत न्हाई, बाई. लांबचा उजेड बघितला की बुजतंय आन् हाय तिथंच दबून बसतंय. आपुन जावं लागतं. नाव घिऊन हाक मारावी लागती. आन् धन्याचीच हाक वळखतंय ते, दुसऱ्याच्या हाकंला येत न्हाई.” मग म्हणाल्या, “आमी चाळीस वर्सं हिंडलो मेंढरं घिऊन. घरी बसून येकबी घावलं न्हाई.”

त्यांना लिहिता येत नव्हतं. मावशी म्हणाल्या, त्यांचं मत मी लिहिते, आणा पुस्तक. मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी मागची पानं उघडली, आणि बहुतेक एक पान जास्त उलटलं गेलं. बल्ब व्हरांड्याच्या भिंतीवर खालीच होता, त्याचा उजेड कागदावर आडवा पडला. आडव्या उजेडात खोडलेली अक्षरं उठली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. सगळं पान भरून, एकावर एक, शिरूरच्या सगळ्या बायका परत आल्या होत्या. शाई नाही, शिसं नाही, नुसते वळ.

मावशी बघत राहिल्या. मग त्यांनी तर्जनी त्या खालच्या ओळीवरून फिरवली. पुन्हा फिरवली.

“हे कुणी लिहिलंय?”

“मावशी, तिथं काही नाही. मी खोडलंय सगळं.”

“खोडलंयस ना. मग कुणीतरी लिहिलं होतं.”

दानी डावखुरा होता. अक्षर सगळं डावीकडं कलायचं म्हणून शाळेत मार खायचा, हे ओळीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मला माहीत होतं. मी त्याच्या वह्या पाहिल्या होत्या. आणि त्या दुपारी मी हसत हसत त्याचं अक्षर खोडलं होतं. पहिली ओळ मावशींनी बोटानं वाचली, शब्द न् शब्द. “आईला म्हणावं दिवा लावू नको.” मग बोट खाली आलं, दुसऱ्या ओळीवर. तिथं कागद इतका पातळ झाला होता की वळसुद्धा राहिले नव्हते.

“इथं खाली काय होतं गं?”

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. वाचलं होतं पण आठवत नाही, हे म्हणायचं होतं. एवढंच. पण ते म्हटलं असतं तर त्यांनी मला रोज विचारलं असतं, आठवलं का, आठवलं का. मी घाबरले.

“काही नव्हतं मावशी. काजळीचा डाग होता, तो पुसला.”

निम्मं खरं होतं ते. म्हणून जास्त वाईट.

दुसऱ्याच दिवशी मावशींनी सुट्टी टाकली आणि मला घेऊन शिरूर गाठलं. एस.टी. इनामगावच्या बाजूनं गेली. शेजारच्या सीटवर एक म्हातारबाबा होते, ते मावशींना उगाचच माहिती द्यायला लागले की इथं ती जुनी वस्ती उकरली होती, हजारो वर्षांची. घराच्या जमिनीखालीच माणसं पुरलेली सापडली. आणि मोठ्या माणसांचे पाय घोट्यापासून तोडलेले, म्हणजे मेल्यावरसुद्धा घर सोडून जायला नको. मला वाटलं आता ह्यांना गप्प करावं. मावशी खिडकीतून त्या उजाड पांढरीच्या टेकाडाकडं बघत होत्या. म्हणाल्या, “ती माणसं बरी होती म्हणायची.”

शिरूरच्या मंडळीचे सेक्रेटरी रिटायर्ड मास्तर होते. त्यांना आठवलं. मागच्या लेंटमध्ये एक पोरगेलासा माणूस यायचा, शिफ्ट सुटली की. आत बसायचा नाही, दारात चपलांच्या बाजूला बसायचा. शेवटच्या दिवशी त्यानं पुस्तक मागून घेतलं आणि काहीतरी लिहिलं. नाव कुणी विचारलं नाही. “दारात बसणाऱ्याला नाव विचारलं की तो यायचा बंद होतो,” मास्तर म्हणाले. ईस्टरनंतर आला नाही. त्या दिवशी आम्ही रांजणगावला दोन-तीन गेटांवर उभ्या राहिलो. मावशींनी प्रत्येक गेटावर हाका मारल्या, सीताबाईंनी सांगितल्यासारख्या, नाव घेऊन. शिफ्टमधून बाहेर पडणारी माणसं वळून बघायची आणि बसमध्ये चढायची.

चाळिसावं प्रकरण मीच वाचलं, शेवटचं म्हणून घराऐवजी चर्चच्या हॉलमध्ये. मुलगा येतो. दिवा बघून येतो, आईच्या पायांवर डोकं ठेवतो. हॉलभर हुंदके. चिडणाऱ्या बायकासुद्धा रडत होत्या. मावशी कोरड्या डोळ्यांनी ऐकत होत्या. त्यांनी पुस्तक मागून घेतलं, पर्समधून बॉलपेन काढलं. पेनानं लिहायचं नाही अशी रीत होती, कुणी अडवलं नाही. जिथं कागद पातळ झाला होता त्याच्या शेजारी त्यांनी लिहिलं, “क्वार्टर नं. ७. दिवा चालू आहे.” मला पुस्तक परत देताना म्हणाल्या, “छान लिहिलंय गं. खोटं आहे, पण छान लिहिलंय.” सलोमीबाईंबद्दल मी खूप मतं ऐकली, त्यातलं एवढंच माझ्या लक्षात राहिलं. मी मात्र तेव्हापासून त्या बाईला खोटी म्हणालेले नाही. तिनं निदान कुणाचं काही खोडलं नव्हतं.

पुढं माझं लग्न झालं, ते शिरूरलाच. देणेकऱ्यासारखी या गावात आले असं वाटतं कधी कधी. मास्तर गेल्यावर पुस्तकांचं कपाट माझ्याकडं आलं. निळं पुस्तक त्यात होतं. मी ते दर लेंटला कुणाला ना कुणाला वाचायला पाठवायची, न्हावऱ्याला, काष्टीला, जिथं आमची चार घरं असतील तिथं, आणि परत आलं की आधी मागची पानं आडवी उजेडात धरायची. “रडू आले.” “शेवट ओढूनताणून.” कललेलं अक्षर कधी आलं नाही. दुसरी ओळ मी हजारदा आठवायचा प्रयत्न केला. भाकरी थापताना, शाळेत नोकरी लागल्यावर वर्गात हजेरी घेताना. एकदा तापात ती मला स्पष्ट दिसली होती, पण ताप उतरल्यावर राहिली नाही.

मावशी रिटायर झाल्या, क्वार्टर रेल्वेनं परत घेतलं. नवीन माणसांनी पहिल्याच दिवशी बल्ब काढला. मावशी नगरला बहिणीकडं गेल्या आणि दोन वर्षांपूर्वी वारल्या. मी मातीला गेले होते. त्याआधी भेटायला जायची तेव्हा, शुद्ध होती तोवर, मला म्हणायच्या, एस्तू, तुझा आवाज चांगला आहे. त्याचा काय अर्थ लावायचा ते मी ठरवलं नव्हतं.

गेल्या लेंटला निळं पुस्तक रांजणगावला गेलं होतं. तिथं आता कंपनीतल्या लोकांचा एक गट एका भाड्याच्या खोलीत रविवारी जमतो. ओडिशाची, झारखंडची माणसं, म्हणून फिलिपभाऊ वाचता वाचता हिंदीत सांगतात. पुस्तक तिथंच वर्षभर पडून होतं. काल राखेचा बुधवार. उपासनेला आले तेव्हा फिलिपभाऊंनी ते आणून दिलं आणि माफी मागितली. कपाळावरची राख तशीच ठेवून मी घरी आले, खिडकीशी बसले आणि शेवटची पानं उघडली. आडवी धरावी लागली नाहीत. मावशींच्या निळ्या बॉलपेनच्या ओळीखाली, पेन्सिलीनं, ठळक, डावीकडं कललेलं:

“दिवा अजून चालू आहे का? मी तेव्हा खाली लिहिलं होतं, आप्पा न्यायला आले तर येतो. ते कुणी वाचलं नाही का?”

खिडकीबाहेर कडुलिंबाची पानं पडत होती. वाचलं होतं रे. मी वाचलं होतं.

फिलिपभाऊंना फोन केला. ते म्हणाले, हो, आहेत ना एक, पस्तिशीचे असतील, कमी बोलतात, आत या म्हटलं तरी चपलांजवळ बसतात. पहिल्या शिफ्टला असतात. नाव? नाव कधी विचारलं नाही.

बारा वर्षं तो एका मेलेल्या माणसाची वाट बघतोय, आणि जी न्यायला धावत गेली असती ती त्याची वाट बघून मेली. मधे होते ती मी आणि दोन रुपयांचा खोडरबर.

आज तीनला पहिली शिफ्ट सुटते. हे गाडी काढतायत. पुस्तक पिशवीत घेतलंय. त्याला आधी काय सांगायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही: आप्पा गेले हे, मावशी गेल्या हे, की मी काय केलं ते. त्याचा चेहराही मला आता नीट आठवत नाही, तोही मला ओळखणार नाही. आणि सीताबाई म्हणाल्या होत्या, दुसऱ्याच्या हाकेला येत नाही. पण धनी आता कुणी उरलेला नाही. गेटावर नुसतं उभं राहायचं नाही, एवढं ठरलंय. माझा आवाज चांगला आहे.